अजून सुकलं नाई

सुकदेवभाऊ मिस्त्री लोखंड चाटून बघायचा. चारचौघांत, बिनदिक्कत. मी चांद्याहून पाइप आणले, तेव्हा त्यानं एकेकाला जीभ लावली आणि दोन बाजूला फेकले.

"हे समुद्राकाठचं आहे. मीठ लागते. वापस ने."

"लोखंडाला चव असते का, भाऊ?"

"तुह्या भाषनाले असते का? तरी लोक आयकतेतच ना!"

मी जंगल कामगारांच्या संघाचा कार्यकर्ता. महायुद्धानंतर फौजेनं टाकून दिलेली एक उघडी जीप आम्ही लिलावात मिळवली होती. आलापल्लीच्या जंगलात सागाचा ओंडका अंगावर येऊन माणूस मोडला, की त्याला बैलगाडीतून चांद्याच्या दवाखान्यात नेत. कित्येक वाटेतच मरत. साहेबांचं कुत्रं मोटारीत आणि कामगार बैलगाडीत, याला स्वराज्य म्हणत! ही जीप त्या माणसांसाठी होती. पण पहिल्याच खेपेला ती नाल्यात उलटली आणि ड्रायव्हरचा खांदा मोडला. म्हणून ठरलं, की उलटली तरी माणूस चिरडू नये असा पाइपांचा सांगाडा तिच्यावर बसवायचा. आमच्या भागात पाइप वाकवून झाळून जोडणारा माणूस एकच.

सांगाड्याची उंची ठरवायला त्यानं आधी मला सीटवर बसवलं. "ताठ बस. आता गचका बसल्यासारखा उसळ." मी उसळलो. "अजून." बाजाराचा दिवस होता. अर्धं गाव बघत होतं आणि संघाचा कार्यकर्ता उभ्या जीपमध्ये बेडकासारखा उसळत होता.

सांगाडा चार दिवसांत उभा राहिला. मग सुरू झालं गंजाचं पुराण. "वरून सारेच साजरे दिसते, आतून पाहा," हे त्याचं पालुपद. त्यानं पाइपांत जवसाचं गरम तेल ओतलं आणि ते निथळायला खाली छिद्रं ठेवली. "पान्याले जायाले वाट नसली का पाइप आतून सडते. तू वरचा रंग पाहून खूश, अन् एक दिवस तो तुह्याच डोक्यावर बसन."

बाहेरून त्यानं जवसाच्या तेलात शेंदूर कालवून लावला. झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी शेंदरी जीपसमोर बाया कुंकू-नारळ घेऊन उभ्या. मी बॉनेटवर चढून अंधश्रद्धेवर बोललो. सुकदेवभाऊनं हातोडीनं नारळ फोडला आणि एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. "बोल, पुढारी, बोल. तवरिक सुकते."

पण ते सुकेचना. मी रोज दुपारी जायचो, तो चहा पुढे करायचा आणि म्हणायचा, "अजून सुकलं नाई." एका दुपारी मी बोट लावून पाहिलं, तर खडखडीत वाळलेलं. दुसऱ्या दिवशी त्यावर नवा ओला हात!

मी पेटलो. 'जंगल कामगारांच्या जिवाशी खेळणाऱ्या मिस्त्रीचा धिक्कार असो!' असं पत्रक लिहिलं आणि त्याच्याच दारावर चिकटवलं. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं.

"साजरं लिवलं. माह्यं पुरं नाव टाकलं का?"

"टाकलंय."

"कुठी?"

मी बोट ठेवलं. तो त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडी आली. लचमा लाकूडतोड्याची मांडी ओंडक्याखाली सापडली होती. मी काही बोलायच्या आत सुकदेवभाऊनं चाकांखालच्या विटा लाथेनं उडवल्या. "ने."

"सुकलं?"

"कवाचंच. आखरीचे दोन हात उगाच देल्ले."

शिव्या द्यायला वेळ नव्हता. त्याच नाल्यात जीप पुन्हा कलंडली, सांगाड्यावर टेकली आणि थांबली. आम्ही ढकलून उभी केली. लचमाला नवा ओरखडासुद्धा नव्हता. तो दवाखान्यात जिवंत पोचला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी शिव्या घेऊन त्याच्या शेडवर गेलो. ते दोन हात अक्षम्य होते, आजही म्हणतो. त्याच्याकडे लोक गाडी टाकत आणि निघून जात. आताही शेड रिकामी होती. ऐरणीवर मात्र चहाचे दोन पेले भरून ठेवलेले, एकावर झाकण.

माझं पत्रक दारावर नव्हतं. आत, त्याच्या खाटेच्या वर, भिंतीला होतं. पिवळं, तेलकट, चकाकणारं.

"जवसाचं तेल देल्लं," तो हातातल्या पान्याशी चाळा करत म्हणाला. "कागदाले वाळवी लागते." मग माझ्याकडे न बघता, "एकच हात देल्ला. उद्या दुपारी पाहाले ये, सुकलं का नाई ते."