आबा उठले म्हणून

भटू पाटलाला एकच अभिमान होता, तो म्हणजे आपण कुणाच्या मागे चालणारे नव्हे. "लोके मेंढरं शेतस," तो पारावर बसून सांगायचा. "पुढलं खड्डामा पडनं का मांगलं बी पडस. मी तसा नही." त्याची बायको कौसाबाई यावर नुसतं 'हं' म्हणायची, आणि त्या 'हं'मध्ये पुष्कळ काही असायचं.

मुलगा नवल याच्यासाठी तळोद्याकडच्या रेवजी पाटलांची मुलगी पाहायला गाड्या जुंपल्या, तेव्हा तिने नवऱ्याला बजावलं, "तठे आपली अक्कल चालाडू नका. भिलाआबा करतीन तसंच करा. दोन सोयरिकी तुमनी जीभनी मोडेल शेतस." भिलाआबा म्हणजे भटूचे चुलते, भाऊबंदांत सर्वांत वडील. तिसरीही सोयरीक मोडली तर पोरगा बिनलग्नाचा राहील, ही धास्ती भटूलाही होतीच. त्याने एका दिवसापुरती अक्कल घरी ठेवली.

मुलगी पसंत पडली. नवल तर लाजून दाराच्या चौकटीशीच हसत होता. मग पंगत बसली. वरण-बट्टी, वर तुपाची धार. आणि दोन घास खाऊन आबा एकाएकी उठून उभे राहिले.

भरल्या ताटावरून उठणं म्हणजे सोयरीक मोडणं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आबा उठले म्हणून भटू उठला, भटू उठला म्हणून शेजारचा उठला, आणि बघता बघता सगळी पंगत उभी! शेवटी नवलही उठला, हातात बट्टी तशीच धरून.

रेवजींचा चेहरा पांढराफटक पडला. "काय चुकनं आमनं?"

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी सगळ्यांकडे पाहिलं, गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, "चाला."

गावाबाहेरच्या नाल्यापाशी भटूला राहवेना. "आबा, आपन काबर उठनूत?"

"ते तूच सांग," आबा म्हणाले. "मन्हा पायले मुंग्या उन्यात म्हनीसन मी उभा ऱ्हायनू. दखस तं समदी पंगत उभी. माले वाटनं, तुमले काहीतरी खोट दिसनी."

गाडीत नवलने हातातल्या बट्टीकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा बापाला हुकूम सोडला, "गाड्या फिरावा."

भटूने पगडी काढून रेवजींच्या पायांशी ठेवली आणि खरं ते सांगितलं. हसावं की रागवावं, हे रेवजींना बराच वेळ ठरवता येईना. शेवटी म्हणाले, "बठा. पन आते भटू पाटील उठतीन तव्हयच पंगत उठी."

भटू बसला तो बसलाच. सगळ्यांची जेवणं उरकली, पानं सुकली, तरी याची हलायची छाती होईना. शेवटी उठायला गेला तर दोन्ही पाय बधिर! रेवजींच्या दोघा भावांनी काखेत हात घालून त्याला उचललं.

"चाला, आते समदा उठा," रेवजी म्हणाले.

कुणीच उठेना. भिलाआबांनी शांतपणे दोन्ही हात वर केले.

"आमले बी उचला," ते म्हणाले. "तुमनी आठली रीतच तशी व्हई तं आमनी काही ना नही."

त्यांच्यामागे अख्ख्या पंगतीने हात वर केले.