पूरक गिऱ्हाईक

घराकडे बघणारं दुसरं कुणी दिसल्याशिवाय माणसाला ते घर आवडत नाही, हा इस्टेट एजंटांच्या नियमावलीतला पहिला नियम. तिसऱ्या मजल्यावरचा, खिडकीतून नाल्याचं विहंगम दर्शन घडवणारा एक फ्लॅट सात महिने खपेना. "शनिवारपर्यंत विका, नाहीतर किल्ली परत द्या," असं मालकाने बजावलं. एजंटच्या फळीवर तेवढी एकच किल्ली उरली होती. ती गेली की धंद्याला कुलूप. मग त्याने बायकोला आणि मेहुण्याला गिऱ्हाईक म्हणून उभं केलं. याला खोटं गिऱ्हाईक म्हणत नाहीत; पूरक गिऱ्हाईक म्हणतात.

सोमवारी एक निवृत्त हेडमास्तर फ्लॅट बघायला आले. बायको वितीने ओटा मोजत होती. मेहुणा म्हणाला, "ताई, उद्याच टोकन देऊन टाकू."

"अरे, यांचं ठरलेलं दिसतंय," हेडमास्तर म्हणाले. "मग मी मध्ये येणं बरं नाही." आणि चपला घालून चालू पडले.

एजंटने धडा घेतला. समोर एकच प्रतिस्पर्धी असला की माणूस सौजन्याने माघार घेतो; दहा असले की सौजन्य सुटतं. त्याने बाजारातल्या बाकीच्या एजंटांकडून, परतीच्या बोलीवर, बावीस पूरक गिऱ्हाइकं उसनी आणली. बुधवारी रांग जिन्यात आली. गुरुवारी ती रस्त्यावर गेल्यावर येणारेजाणारेही तिच्यात उभे राहिले आणि इथे काय मिळतं ते पुढच्याला विचारू लागले.

मालक बघायला आला, तो दुखावलाच. "माझं घर इतकं चांगलं आहे, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत," असं म्हणून त्याने भाव सव्वापट केला. तो ऐकून खरी माणसं पांगली. पूरक तेवढी निष्ठेने उभी राहिली.

शुक्रवारी बायको जेवली नाही.

"अहो, पाच दिवस मोजतेय मी तो ओटा. तिथे आता दुसरी कुणी उभी राहणार?"

"अगं, दुसरी कुणी नाहीच. ती गर्दी मी आणलीय."

"बावीसच्या बावीस माणसं खोटी असतील होय?"

"दाजी, ताईचं बरोबर आहे," मेहुणा म्हणाला. "रांगेत माझ्या मागे एक जण होता, तो तर रडवेला झाला होता."

एजंट रात्रभर कूस बदलत राहिला. एवढी माणसं उगाच कशाला येतील, असं पहाटे त्यालाही वाटलं. शनिवारी सकाळी तो धावत गेला आणि वाढीव भावाने फ्लॅट स्वतःच घेऊन आला. किल्ली वाचली.

आता पैसे भरायला त्यांचं राहतं घर विकायला काढलंय. दोन्ही बाजूंनी उजेड, नळाला दिवसभर पाणी. काल एकाचा चौकशीचा फोन आला. उजेडाचं विचारलं नाही, पाण्याचं विचारलं नाही. एवढंच विचारलं, "आणखी कुणी बघून गेलं का हो?"

तुम्हीच होतात ना?