सात बदल आणि साडेपाच सेकंद

मी डिटेक्टिव्ह आहे. या शहरात नजर असलेली माणसं पुष्कळ असतील, पण दृष्टी असलेला माणूस एकच, आणि तो हा अहवाल सांगतो आहे. माझी डावी भुवई जरा वर गेली की निर्ढावलेले गुन्हेगार जबाब बदलतात. आजवर तीन अवघड प्रकरणं मी एकहाती सोडवली.

(टाइप करणारीची नोंद: मी यांची वहिनी. भावोजींचं अक्षर त्यांनाही लागत नाही, म्हणून ते बोलतात आणि मी टाइप करते. तीन प्रकरणं म्हणजे दोन हरवलेल्या मांजरी आणि एक छत्री. दुसरी मांजर त्यांनी शोधून आणली ती भलतीच होती. मालकिणीला ती जास्त आवडली, म्हणून प्रकरण सुटलं असं धरलं. यापुढे कंसातलं सगळं माझं.)

प्रकरण एक: चोरी

गुरुवारी सकाळी दातांचे एक डॉक्टर आले. त्यांच्याकडे दोनच माणसं बसतील अशी सुपरचार्जरवाली स्पोर्ट्स कार आहे. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या तोंडात बळजबरीनं हवा कोंबणारा पंखा. जितकी हवा जास्त, तितका जोर जास्त. नवी आणली तेव्हा ही गाडी शून्यावरून शंभरच्या वेगाला साडेपाच सेकंदांत जायची.

डॉक्टरांना साडेपाच सेकंद फार वाटले.

(त्यांच्या दवाखान्यात पेशंट दीड तास बसून असतात.)

मग दीड वर्षात त्यांनी गाडीत सात बदल केले. पंखा जोरात फिरावा म्हणून लहान पुली. हवा थंड राहावी म्हणून मोठा इंटरकूलर. हलका सायलेन्सर, हलकी बॅटरी, हलके ब्रेक, हलकं फ्लायव्हील आणि शेवटी हलके शॉकअब्सॉर्बर. प्रत्येक वस्तू महिनाभर कॅटलॉग वाचून, डोळ्यांत तेल घालून निवडलेली. सात बदल झाले आणि परवा वेळ मोजली. साडेपाच सेकंद.

एवढा जोर गेला कुठे? चोरीला गेला, हे उघड होतं. मी तसं म्हणताच डॉक्टरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, कारण चोर त्यांनी आधीच ठरवून ठेवला होता. त्यांचा मेकॅनिक. आठवा बदल कोणता करू, असं विचारल्यावर तो म्हणाला होता की साहेब, थांबा, आधी सात कुठे गेले ते बघू. डॉक्टरांच्या मते हे अपराधी मनाचं लक्षण होतं.

त्यांच्या स्पोर्ट्स कार क्लबात साठ सभासद आहेत आणि या मेकॅनिकची जवळपास सगळी गिऱ्हाइकं त्यातलीच. डॉक्टरांनी क्लबासाठी मेसेज लिहून ठेवला होता. हा माणूस नवे पार्ट दाखवतो आणि बसवत नाही, सावध राहा. शनिवारी संध्याकाळपर्यंत पुरावा हाती आला की तो मेसेज जाणार होता.

(मेसेज त्यांनी आम्हाला वाचून दाखवला. मध्ये थांबून एक स्वल्पविरामही सुधारला. अठरा वर्षांचं गॅरेज बुडवायचं तर शुद्धलेखन चोख हवं.)

प्रकरण तीन: सिद्धान्त

(प्रकरण दोन भावोजींनी मागे घेतलं. त्यात त्यांनी पेट्रोलमध्ये भेसळ आहे का हे वासावरून ठरवलं. दहा मिनिटं वास घेतल्यावर त्यांना गॅरेजच्या बाकावर आडवं करावं लागलं. मेकॅनिकनं पाणी आणून दिलं. संशयितानं दिलेलं पाणी पिऊ नये, असं भावोजी ग्लास रिकामा केल्यावर म्हणाले.)

सिद्धान्त एक. मेकॅनिकनं जुनेच पार्ट परत बसवले. मी गाडीखाली शिरलो. सातही पार्ट नवे होते, वर कंपनीचे नंबर होते. मी डॉक्टरांना विचारलं की मग जुने कुठे आहेत. ते म्हणाले, जुने पार्ट मेकॅनिककडे सोडायचे नसतात, सोडले की ते विकून खातात. प्रत्येक वेळी स्वतः उभं राहून पोत्यात भरून घेतले आहेत, पूर्ण सुरक्षित आहेत. म्हणजे जुन्या पार्टांचा या प्रकरणाशी संबंध नाही. हा मुद्दा मी कायमचा निकालात काढला.

सिद्धान्त दोन. घड्याळ पुढे पळतं. मी चार घड्याळं लावून पाहिली. चारही पुढे पळत असणं शक्य आहे, पण त्यांनी आपसांत संगनमत केलं असेल असं वाटत नाही.

सिद्धान्त तीन. गॅरेजमधली हवा शिळी आहे.

(यावर मी काही लिहीत नाही.)

सिद्धान्त चार. चालकाचं वजन. पण इथे डॉक्टरांचं चारित्र्य धुतल्या तांदळासारखं निघालं. गाडीसाठी त्यांनी स्वतःचं वजन सहा किलो उतरवलं आहे. स्टेपनी काढून टाकली आहे. वेळ मोजताना ते हातातलं घड्याळही काढून ठेवतात. बायकोला तर त्यांनी सात महिन्यांत गाडीत बसू दिलेलं नाही.

उरला मेकॅनिक. तो सबंध वेळ गप्प होता, आणि गप्प माणूस काहीतरी लपवत असतो.

(तो गप्प होता, कारण भावोजी बोलत होते.)

प्रकरण चार: शनिवार

दुपारी चारला आम्ही गॅरेजच्या अंगणात जमलो. मागे बंद पडलेल्या कारखान्याचा सरळ रस्ता आहे, तिथे वेळ मोजतात. डॉक्टरांनी तीनदा गाडी पळवली. साडेपाच. साडेपाच. साडेपाच. त्यांनी फोन बाहेर काढला. मेकॅनिकनं हात पुसायचं फडकं खाली ठेवलं आणि एवढंच विचारलं की साहेब, माझं काय चुकलं ते तरी सांगाल का? मी माझी डावी भुवई वर केली.

तेवढ्यात रिक्षातून डॉक्टरांची बायको उतरली. हातात सुटकेस. तिला बहिणीकडे जायचं होतं, स्टेशन गॅरेजपासून पाच मिनिटांवर, आणि रिक्षा पंक्चर झालेली. तिनं सोडायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले की आत्ता महत्त्वाचं काम चालू आहे, शिवाय वजन वाढतं, शिवाय डिकीत जागा नाही.

"जागा कशी असेल," ती म्हणाली. "ते भंगार घरात आणायचं नाही असं मी बजावलंय, म्हणून दीड वर्ष डिकीत घेऊन फिरताय."

मी तिला तपासात लुडबूड करू नका असं सांगत होतो, तोवर वहिनीनं जाऊन डिकी उघडली.

(तिथे सात पोती होती. नीट बांधलेली. प्रत्येकावर चिठ्ठी, तारखेसकट.)

मेकॅनिकनं एकेक पोतं उतरवलं. लोखंडी ब्रेक, चार. जुना सायलेन्सर. जुनी बॅटरी, जी एका हातानं उचलवत नाही. त्यानं सगळं काट्यावर ठेवलं. एकशे सव्वीस किलो. जोर वाढला होता, तेवढंच ओझंही वाढलं होतं. डॉक्टरांनी पुन्हा गाडी पळवली.

चार पॉइंट नऊ.

डॉक्टर गाडीतून उतरले, पोत्यांपाशी गेले आणि ती मोजू लागले. सातही आहेत याची खात्री झाल्यावर त्यांनी मेकॅनिकला विचारलं, "ब्रेकच्या पोत्याची गाठ तुम्ही सोडली होती का?"

आता मेकॅनिक बोलला. आवाज चढवला नाही.

"डॉक्टर, तुम्ही दात काढता. तो पेशंटला देताही. पेशंट तो तोंडात ठेवून फिरतो का?"

डॉक्टरांची बायको इतकी हसली की तिला सुटकेसवर बसावं लागलं.

प्रकरण पाच: निष्कर्ष

डॉक्टर मला बाजूला घेऊन गेले. मेसेज पाठवणार नाही, म्हणाले. पण पाच सभासदांकडे ते याआधीच या मेकॅनिकविषयी बोलले होते, आणि आता खरं कारण कळलं तर क्लबात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तेव्हा अहवालात रहस्य उलगडलं नाही, एवढंच लिहा. मेकॅनिकवरचा संशय आपोआप हळूहळू विरून जाईल.

एका सभ्य माणसाची अब्रू माझ्या हाती होती. मी वहिनीला सांगितलं, लिही: हवामानामुळे घडलेला दुर्मीळ प्रकार, तपास अनिर्णित.

(भावोजींनी सांगितलं तसं मी लिहिलं आहे. वरचं वाक्य त्यांचंच, अक्षरशः. बाकीचा अहवालही त्यांनीच सांगितला, पोत्यांसकट आणि काट्यासकट, कारण सिद्धान्त एकमध्ये आपण जुन्या पार्टांचा विचार सर्वांत आधी केला होता हे त्यांना नोंदवायचं होतं.

डॉक्टरांच्या बायकोला स्टेशनवर मेकॅनिकनं सोडलं. डॉक्टर सातही पोती पुन्हा डिकीत घालून गेले. गॅरेजमध्ये ठेवायला ते तयार नव्हते.

निघण्याआधी तिनं मला क्लबाच्या साठ सभासदांचे नंबर दिले. अहवाल सगळ्यांना गेला आहे. स्वल्पविराम मी दोनदा तपासले.)