ड्रायव्हरशी बोलू नये

ह्यूस्टनच्या वेशीवरच्या बस-तळावरून क्लिफर्ड रोज सकाळी एक अनोळखी माणूस उचलत असे. गाडीत दोन डोकी असली की महामार्गाच्या मधल्या, भिंतींनी बंदिस्त लेनमधून सुसाट जाता येतं. एकटं असलं की बाजूच्या गर्दीत तासभर कुजायचं. फुकट नेतात म्हणून पाहुण्यानं पाळायचा नियम एकच: गाडीवाला बोलल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

महिन्यात क्लिफर्डला दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा नऊ चुकले तर बढती दुसऱ्याला, असं साहेबीणबाईंनी, म्हणजे मिसेस गॅल्व्हननी, हसतमुखानं सांगितलं होतं.

अशा पाहुण्यांच्या रांगेच्या तोंडाशी जाड कोटातला एक धिप्पाड गृहस्थ कॉफी घेऊन उभा होता. क्लिफर्डनं दार उघडलं.

"बसा, पटकन."

गृहस्थ गुडघा सांभाळत बसला. गाडी तळावरून थेट लेनमध्ये चढली तसा तो म्हणाला, "अहो, मला..."

क्लिफर्डनं ओठांवर बोट ठेवलं. गृहस्थानं पुन्हा प्रयत्न केला तेव्हा रेडिओ मोठा केला. चार मैलांनी मात्र त्याला माणुसकीचा झटका आला.

"बोला. कुठं सोडू?"

"होतो तिथं."

"म्हणजे?"

"बस चालवतो मी. वाटलं, भला माणूस दिसतोय, तळाच्या त्या टोकाला बसपर्यंत सोडतोय. पन्नास माणसं बसलीत माझी आत."

पुढचे पाच मैल लेनला फाटा नव्हता. शिवाय सकाळी ती शहराकडेच वाहते. त्यामुळे गावभर वळसा घालून ते तळावर पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. ड्रायव्हर लंगडत बसकडे गेला. रांगेत आता चिटपाखरू नव्हतं. क्लिफर्डनं गाडी तिथंच लावली आणि निमूटपणे बस पकडली.

तिसऱ्या बाकावर मिसेस गॅल्व्हन होत्या.

"तूही इथंच अडकलास? माझी गाडी नेमकी आजच गॅरेजात." त्या सरकून बसल्या. "ड्रायव्हरला म्हणे कुणी मूर्ख उचलून घेऊन गेला."

"काय एकेक लोक असतात," क्लिफर्ड म्हणाला.

"आता तुझा उशीर कसा धरू? मलाच झालाय." बस लेनमध्ये शिरली. बाईंनी पुढं वाकून विचारलं, "काय हो, दिसायला कसा होता तो?"

ड्रायव्हरनं डोक्यावरच्या पाटीकडे अंगठा दाखवला. बस चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये.

मग आरशातून त्यानं क्लिफर्डकडे सावकाश पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.