सासऱ्यांचा लॅपटॉप आणि माझा स्क्रूड्रायव्हर

एक गोष्ट आधीच ठणकावून सांगतो. लॅपटॉप उघडण्यात काहीही अवघड नसतं! लोक उगाच घाबरतात. खालचे स्क्रू काढायचे, जुनी डिस्क बाहेर, नवी एसएसडी आत, स्क्रू परत लावायचे, की झालं. मरतुकडा लॅपटॉप पळायला लागतो. हे मी आजवर ऑफिसात, लग्नात आणि दाताच्या दवाखान्यातल्या रांगेतसुद्धा लोकांना सांगत आलो आहे. कुणी कधी मनावर घेतलं नाही, म्हणून सगळं सुखात चाललं होतं. एका रविवारी सासऱ्यांनी मनावर घेतलं.

माझे सासरे म्हणजे पाणीपुरवठ्याच्या पंपघराचे निवृत्त प्रमुख. त्यांचा लॅपटॉप दुकानातला सगळ्यात स्वस्त म्हणून घेतलेला, आणि तो ती ओळख इमानदारीने सांभाळून होता. बाबा बटण दाबून आंघोळीला जात, परत येऊन चहा घेत, पेपर वाचत, तरी पडद्यावर ती चकती गोल गोल फिरतच असे. "आमचा सगळ्यात म्हातारा पंपही याच्याआधी पाणी ओढायचा," असं ते म्हणत.

एरवी हेही चाललं असतं. पण त्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता पंपघराच्या निवृत्त मंडळींचा मेळावा होता, आणि बाबा तिथे मोठ्या पडद्यावर आपले फोटो दाखवून बोलणार होते. नोकरीभर काढलेले फोटो! बसवताना चिखलात रुतलेला पहिला पंप, पुराच्या वेळी छातीभर पाण्यात उभे राहून झडप फिरवणारे चौघे, डबा खाताना हसणारे सगळे. त्यातले काहीजण आता फक्त त्या फोटोंतच उरले होते. मूळ फोटो माळ्यावरच्या गळतीत भिजून एकमेकांना चिकटले. आयुष्यभर लोकांच्या नळाचं पाणी सांभाळलेल्या माणसाचे फोटो पाण्यानेच खाल्ले! नशीब एवढंच, की त्याआधी त्यांनी एकेक फोटो स्कॅन करून लॅपटॉपमध्ये भरला होता.

त्यात सकाळी आम्ही सासरी पोचतो न पोचतो, तोच माझ्या साडूंचा फोन. "बाबा, तो डबडा लॅपटॉप कशाला नेताय? मी येताना नवाकोराच घेऊन येतो!"

साडू म्हणजे माझ्या मेहुणीचे, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या लेकीचे यजमान. या गृहस्थाने जन्मात कधी बल्ब बदललेला नाही. घरात काही बिघडलं की हा माणूस हात खिशात घालतो आणि पाकीट काढतो. आणि अशा माणसाचं सासरी कौतुक! माझं डोकंच फिरलं.

"नवा कशाला, बाबा?" मी म्हणालो. "एसएसडी टाकून देतो. मी आणलीच आहे. जेवायची पानं मांडेपर्यंत तुमचा लॅपटॉप वाऱ्यासारखा पळेल!"

"आज नको," बायको म्हणाली.

"अगं, आजच तर हवंय!"

बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं. आईवडिलांसमोर ती मला अहो-जाहो करते. एकटं गाठलं की मूळ पदावर येते.

"तू आपला मिक्सर दुरुस्त केला होतास, आठवतंय?"

"मिक्सरचा काय संबंध?"

"तो आता झाकण न लावताच सुरू होतो! भिंतीवर अजून डाग आहेत!"

"मिक्सर वेगळा, लॅपटॉप वेगळा," असं म्हणून मी बाहेर आलो. या वाक्यात चूक काढणं कुणालाच शक्य नव्हतं.

बाबांनी माझं म्हणणं मनावर घेतलं होतं. जेवणाच्या टेबलावर शस्त्रक्रिया सुरू झाली. बाबा समोर खुर्ची टाकून बसले. चाळीस वर्षं यंत्रांशेजारी काढलेल्या माणसाला कुणी काही उघडत असताना दुसऱ्या खोलीत बसवत नाही. सासूबाईंनी स्क्रू ठेवायला वाटी आणून दिली. मी खालचे स्क्रू काढले आणि झाकण ओढलं. हलेना! दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात, हे मला जोर लावून झाल्यावर कळलं.

कट्!

"काही मोडलं का?" बाबा.

"छे! तो आवाज यायचाच असतो."

कट्! कट्! कटाक्!

"बराच येतो," बाबा म्हणाले.

शेवटी झाकण निघालं. जुनी डिस्क मी बाहेर काढली. माझ्याजवळ बाहेरून जोडायच्या दोन काळ्या डब्या होत्या, अगदी जुळ्या. एका डबीत जुनी डिस्क घातली, दुसरीत नवी एसएसडी. दोन्ही एकाच मापाच्या. आता दोन्ही डब्या माझ्या लॅपटॉपला जोडायच्या, जुनीतलं सगळं जसंच्या तसं नवीत उतरवायचं, आणि नवी त्यांच्या लॅपटॉपमध्ये बसवायची. इतकं सोपं!

तेवढ्यात सासूबाईंनी चहाला हाक मारली. मी उठलो. इथेच घात झाला.

चहा पिऊन परत येतो तर काय, दोन्ही डब्यांना दोरे बांधलेले! एकीला लाल, एकीला हिरवा. सुबक गाठ मारलेली.

"हे काय, बाबा?"

"दोन सारख्या वस्तू टेबलावर बिनखुणेच्या ठेवायच्या नसतात," बाबा म्हणाले. "आमच्या पंपघरातली पद्धत. मी स्वतः पाडलेली. लाल म्हणजे बंद, हिरवा म्हणजे चालू. नोकरीभरात एकदाही चुकीच्या पंपाला हात लागला नाही."

मी मनात म्हटलं, वा! लाल म्हणजे बंद, म्हणजे जी आता बंद करायची ती. जुनी. हिरवा म्हणजे चालू, म्हणजे जी आता चालू करायची ती. नवी. सरळ आहे! तरी खात्री असावी म्हणून विचारलं, "म्हणजे लाल ती बंद होणारी ना?"

"लाल बंदच," बाबा ठामपणे म्हणाले.

मंडळी, याहून जास्त खात्री माणसाने काय करायची?

मी डब्या जोडल्या. लालवरून हिरवीवर, असा हुकूम सोडला. पडद्यावर एक चौकट आली, की दुसऱ्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, नक्की ना? असले प्रश्न भित्र्या लोकांसाठी असतात. नव्याकोऱ्या डिस्कवर पुसायला आहे काय? मी 'हो' दाबलं. पुन्हा चौकट आली, अगदी नक्की ना? मी चिडून 'हो' दाबलं. यंत्रांनाही हल्ली बायकोसारखे प्रश्न पडायला लागलेत!

आणि काय सांगू, पट्टी भर्रकन भरली! कॉपी पूर्ण!

"झालंसुद्धा?" बाबा चकित झाले. "अख्ख्या नोकरीचे फोटो आहेत त्यात."

"यालाच एसएसडी म्हणतात, बाबा!" मी हात झटकून उभा राहिलो. "वेग बघा, वेग! साडूंना सांगा, येताना नुसते या म्हणावं."

बाबांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून त्या नजरेची मी वाट पाहत होतो. ती मला मिळाली, आणि साधारण अर्धा कप चहा गार होईपर्यंत टिकली.

कारण मग मी हिरव्या दोऱ्याची डबी उघडली, आणि आतून जुनीच डिस्क बाहेर आली! तोच कोपऱ्यातला ओरखडा, तीच धूळ, तेच वजन. मला वाटलं, चुकून दुसरी डबी उघडली. लाल दोऱ्याची उघडली. आत एसएसडी. चकचकीत. हलकी. नवी नवरीच जशी.

मी दोन्ही डब्या बंद करून पुन्हा उघडल्या. तेच!

"बाबा," मी म्हणालो. आवाज माझा नव्हताच. "हिरवा दोरा जुनीला का बांधलात?"

"का म्हणजे? तिच्यात माल आहे. चालू आहे ती! नवी अजून कुठे जोडलीय? लाल! बंद!" मग ते थांबले. पंपघराचे प्रमुख उगाच झाले नव्हते. "जावईबापू, तुम्ही बंद पंपातून चालू पंपात पाणी सोडलंत?"

"हो," मी म्हणालो.

"बंद पंपात पाणी होतं?"

"नव्हतं."

"मग काय सोडलंत?"

"काहीच नाही," मी म्हणालो. "सगळीकडे काहीच नाही सोडलं."

अख्खा पूर, चिखलातला पहिला पंप, डबा खाताना हसणारी माणसं, सगळं मी स्वतःच्या बोटाने, दोन वेळा 'हो' म्हणून, पुसून टाकलं होतं. आणि वर वेग बघा म्हणालो होतो! मला खरंच रडू यायला लागलं. बाबा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते जुनी डिस्क तळहातावर घेऊन नुसते बसून राहिले.

मी गॅलरीत जाऊन कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"आता तिला हात लावू नका," तो म्हणाला. "काही निघेल, काही नाही निघणार. आठवडाभर ठेवावी लागेल."

"पाच वाजेपर्यंत नाही का होणार?"

"कुणी केलं हे?"

"एका नातेवाइकाने," मी म्हणालो.

आत आलो तर बायको कंबरेवर हात ठेवून उभी. "काय झालंय? बाबा बोलत का नाहीत?"

मी सांगितलं. ती आईवडिलांसमोरच मला 'तू' म्हणाली. पुढचं इथे लिहिण्याजोगं नाही.

सासूबाई मात्र दारात येऊन शांतपणे बाबांना म्हणाल्या, "अहो, पिवळ्याचं काय?"

बाबांनी मान वर केली. "पिवळा! आहे की! धक्क्यात मी विसरलोच होतो."

"पिवळा काय?" मी विचारलं.

"लाल बंद, हिरवा चालू, पिवळा राखीव," बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "एका पंपाच्या भरवशावर लोकांचं पाणी ठेवत नसतात, जावईबापू. सगळे फोटो आणि माझं भाषण एका पेन ड्राइव्हवर घालून, पिवळा दोरा बांधून दिलेलाय मागेच."

"दिलेलाय? कुणाला?"

उत्तर मला ऐकायचं नव्हतं. पण त्याच वेळी दाराची बेल वाजली, आणि उत्तर हातात नव्या लॅपटॉपचं खोकं घेऊन आत आलं.

"काय राव!" साडू टेबलावरच्या प्रेताकडे बघून म्हणाले. "पोस्टमॉर्टेम का?"

"तो पेन ड्राइव्ह कुठाय?" बाबांनी विचारलं.

"कुठला? तो दोरावाला? गाडीच्या कप्प्यात पडलाय. तुम्ही दिलात तेव्हा टाकला, त्यानंतर हातच लावला नाही बुवा. काय आहे त्यात?"

साडू तो घेऊन आले. पिवळ्या दोऱ्याची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. नव्या लॅपटॉपमध्ये घातला, आणि पडद्यावर छातीभर पाण्यातले चौघे झडप धरून उभे! बाबांनी चष्मा काढून पुसला. मीही माझे डोळे पुसले. साडूंनी खोक्यातला थर्माकोल कुठे टाकू म्हणून विचारलं.

मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. पण तरी राहवेना. बाबांना बाजूला घेऊन मी विचारलं, "बाबा, राखीव प्रत त्यांच्याकडे का दिलीत? ते तर काय आहे हेसुद्धा न बघणारे! माझ्याकडे द्यायची."

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणूनच दिली. त्यांना कशातलं काही कळत नाही, त्यामुळे ते कशाला हात लावत नाहीत. तुम्ही हौशी. राखीव पंप हौशी माणसाच्या ताब्यात ठेवू नये, हाही नियम आहे आमचा."

मेळावा झकास झाला. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. पुराचा फोटो आला तेव्हा एक म्हातारे गृहस्थ उठून पडद्याजवळ गेले आणि त्यातल्या एकाच्या खांद्यावर बोट ठेवून "हा आमचा, हा!" एवढंच म्हणाले. माझ्या अंगावर काटा आला. त्या बोटाखालचा माणूस मी नाहीसा केला होता, आणि कुणा आळशाच्या गाडीच्या कप्प्याने तो परत आणला होता! शेवटी बाबांनी आभार मानले ते साडूंचे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. न वाजवून सांगतो कुणाला?

एसएसडी पुढे दुरुस्तीवाल्याने बसवली. वाटीत उरलेले तीन स्क्रू बघून त्याने "तोच नातेवाईक का?" एवढंच विचारलं. आता तो जुना लॅपटॉप बटण दाबताच सुरू होतो. माझंच म्हणणं खरं ठरलं, पण हे ऐकायला सासरी कुणी थांबत नाही.

परवा आम्ही पुन्हा तिकडे गेलो. दारातून आत शिरलो आणि बघतच राहिलो. टीव्हीला हिरवा दोरा. फ्रिजच्या दांडीला हिरवा दोरा. पंख्याच्या बटणाला, मिक्सरला, भिंतीवरच्या घड्याळाला, दोन्ही लॅपटॉपना हिरवा दोरा. घरातली प्रत्येक वस्तू व्यवस्थित चालू होती आणि तिच्याकडे दुरुस्तीच्या नजरेने बघायची कुणाला गरज उरली नव्हती.

लाल दोरा अख्ख्या घरात एकाच ठिकाणी होता. स्वयंपाकघराच्या दारामागे, खिळ्याला टांगलेला, त्या दिवशी मी सासरीच विसरलेला माझा स्क्रूड्रायव्हर. दोन गाठी मारलेल्या.

या वेळी मात्र मी अर्थ विचारला नाही.