ज्वारीच्या बिअरमधला गहू

"सोलापुरात असे एकही कुलूप नाही, जे आमच्या दृष्टिक्षेपाने थरथरणार नाही, आणि अशी एकही रांग नाही, जी आम्हांस पाहून दुभंगणार नाही!" असे गुप्तहेरशिरोमणी धोंडीराम स्वतःविषयी नित्य सांगत. ऐकणारा बहुधा एकच असे, त्यांचा सहायक जालिंदर. कार्यालयाची किल्ली हरवल्यामुळे तेथील कुलूप त्याने दोनदा दगडाने फोडले होते. परंतु त्या विषयावर तो मौन पाळी.

त्या दिवशीचे प्रकरण मात्र खरोखरच गंभीर होते. धोंडीरामांची भाची उत्कर्षा हिने आपल्या छोट्या परवानाधारक कारखान्यात मालदांडी ज्वारीची बिअर सिद्ध केली होती. गहू अथवा जव यांचा कणही तीत नव्हता. हॉटेलमालक उदयसिंह यांना गहू पचत नसे. ते चार वाजता चव घेण्यास यायचे होते. त्यांनी मान हलवली तर कारखाना तरणार होता. न हलवली तर टाक्या विकून उत्कर्षेला पुण्याच्या नोकरीवर परतावे लागणार होते.

आणि तीन वाजता तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

"दोन रेघा! अगं, ही तर गोड बातमी!" धोंडीराम सद्गदित झाले.

"मामा, ही पट्टी बिअरची हाय! एक रेघ म्हणजे शुद्ध. दोन म्हणजे गहू घुसलाय. पहिली खेप शुद्ध होती, ही दुसरी बिघडली. गहू कुठनं आला तेच कळंना, तर मी त्यांना शब्द कसा देऊ?"

धोंडीरामांनी तत्काळ पेला उचलला. प्रथम फेस न्याहाळला, मग वास घेतला, मग डोळे मिटले.

"पहिल्या घोटात कटकारस्थान आहे. दुसऱ्यात सूडबुद्धी."

"ती कडू चव हॉप्सच्या फुलांची हाय, मामा. आन् तिसऱ्यात?"

"तिसऱ्यासाठी पेला पुन्हा भरावा लागेल."

पेला भरला गेला आणि त्यासरशी तर्कांनाही भरती आली. प्रथम पुण्याच्या कोण्या प्रतिस्पर्ध्याने धुराड्यातून कणीक सोडल्याचे ठरले. कारखान्यास धुराडे नसल्याचे निदर्शनास येताच त्यांची गरुडदृष्टी जालिंदरावर स्थिरावली.

"दुपारी काय जेवलास?"

"चपाती."

"आणि बाटल्यांकडे पाहून जांभई दिलीस! गहू उच्छ्वासातून गेला."

"साहेब, बाटल्यांना बूच हाय की."

"गुन्हेगार नेहमी असेच म्हणतो."

जालिंदराने सुस्कारा सोडला, मात्र तोंड भिंतीकडे वळवून.

इतक्यात दारात गिरणीवाली येसूबाई उभी राहिली. तिच्या हाती पितळी झाकण होते.

"डब्याचं झाकण इसरलासा की, धोंडीराम. तीन आठवडं झालं. येवढी कसली वो घाई?"

उत्कर्षेने मान वळवली. "मावशी, दुसऱ्या खेपेचं दळण मामांनी आणलं हुतं. कशावर दळलं?"

"कशावर म्हणजे? गव्हावर! आधीच्या गव्हाचं पीठ जात्यात तसंच हुतं. म्या म्हनलं, म्होरं मुक्ताबाईची ज्वारी हाय, ती होऊ द्या, मग तुमची घाला. तर ह्यांनी तिचा डबा सारला आन् आपला ठिवला. आमी भाकरीचं पीठबी गव्हावर दळत न्हाय. भाकरी चिकटती!"

जालिंदराला ती सकाळ लख्ख आठवली. तो बाहेर स्कूटर धरून उभा होता, आणि गुप्तहेरशिरोमणी अवघ्या पाच मिनिटांत विजयी मुद्रेने बाहेर आले होते. रांग दुभंगली होती ती अशी.

धोंडीरामांनी पेला हळूच खाली ठेवला. "गुन्हेगार," ते खाकरून म्हणाले, "अत्यंत वेगवान होता."

चार वाजता उत्कर्षेने पहिल्या खेपेची बाटली उघडली आणि दुसऱ्या खेपेचे सारे खरे खरे सांगून टाकले. उदयसिंहांनी पेला उजेडात धरला, हुंगला, एक घोट घेतला आणि पुन्हा एक घेतला. उत्कर्षेच्या हातातील पत्र्याचे बूच वाकले.

"तव्यावर भाकरी फुगली की वास सुटतो, तसा वास हाय," ते अखेर म्हणाले. "आन् तुमी खरं सांगितलासा. आपल्याकडं लावू. पन दळण ज्वारीवरच."

दुसऱ्या दिवशी गिरणीत पोते घेऊन धोंडीराम रांगेत उभे होते. पुढची बाई म्हणाली, "मामा, गडबड आसंल तर जावा की म्होरं."

त्यांनी चालू दळणात डोकावून पाहिले. गहू! सोलापुरातील रांगा दुभंगविणारे धोंडीराम दोन पावले मागे सरले आणि हात जोडून म्हणाले, "नको, माउली. आमच्याम्होरं कुणाची तरी ज्वारी येऊ द्या."