सासूबाईंच्या गुडघ्यातली सुई

सुईवाल्या डॉक्टरांनी पडदा सरकवला आणि समोरच्या खाटेवर साक्षात सासूबाई आडव्या झालेल्या दिसल्या. उजवा गुडघा उशीवर ठेवलेला, हाताची घडी पोटावर, नजर दारावर.

"या जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. जणू खोली त्यांची आणि पाहुणे डॉक्टर. "म्हटलं, सगळ्या जगाला टोचता, मग आम्हीच काय घोडं मारलंय?"

डॉक्टरांच्या तोंडून नुसता "आई" एवढाच शब्द निघाला. हातातलं बंद पाकीट त्यांनी छातीशी धरलं.

आता हे पाकिटाचं प्रकरण काय, ते आधी सांगायला हवं. रुग्णालयात गुडघेदुखीवर सुया टोचण्याचं संशोधन चाललं होतं. निम्म्या लोकांना खरी सुई, निम्म्यांना खोटी. खोटी सुई टोकाला बोथट असते. दाबली, की नाटकातल्या खंजिरासारखी स्वतःच्याच मुठीत शिरते, पण कातडीला अशी चावते की भल्याभल्यांना वाटावं, गेली आत. दोन्ही सुया प्लॅस्टिकच्या छोट्या कड्यात सारख्याच ताठ उभ्या राहतात. कोणाला कुठली टोचायची ते पाकिटातली चिठ्ठी ठरवणार, आणि ती चिठ्ठी वाचणार फक्त डॉक्टर. रुग्ण अंधारात, आणि हिशेब मांडणाऱ्या आकडेवाल्या बाईही अंधारात. अख्ख्या इमारतीत खरं काय ते एकट्या सुईवाल्या डॉक्टरांना ठाऊक.

आणि घोडं पेंड खात होतं ते इथंच. कारण या माणसाच्या चेहऱ्यावर काही म्हणून लपत नसे. मनात जरा कुठं काळंबेरं आलं, की कपाळावर घाम! लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "आमटी आवडली ना?" डॉक्टर "हो, छान" म्हणाले आणि रुमाल काढून कपाळ पुसलं. ती आमटी सासूबाई आजतागायत विसरलेल्या नाहीत.

आकडेवाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी तंबी दिली होती. "डॉक्टर, शेवटी मी प्रत्येकाला विचारणार आहे, तुम्हाला खरी टोचली की खोटी? अंदाजपंचे ठोकून जेवढे बरोबर येतील तेवढे येऊ देत. पण त्याहून जास्त लोकांनी ओळखलं, तर तुमच्याकडून बातमी फुटली असं मी धरीन. मग सगळं संशोधन केराच्या टोपलीत."

संशोधन टोपलीत, म्हणजे डॉक्टरांची खोलीही गेली. शेजारच्या धुलाईविभागाचा मुकादम त्या खोलीवर डोळा ठेवून होता. चादरींच्या मांडण्या कुठं बसतील हे बघायला तो अधूनमधून टेप घेऊन यायचा आणि डॉक्टरांना म्हणायचा, "तुमचं चालू द्या हो, मी फक्त खिडकीची रुंदी घेतोय." इतकी वर्षं खपून मिळवलेली खोली!

म्हणून त्यांनी स्वतःला नियम घालून घेतला होता. रुग्ण कोणीही असो, फक्त तीन वाक्यं बोलायची. "झोपा. थोडं टोचेल. हलू नका." बास.

तर डॉक्टरांनी पाकीट फोडलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'खरी'.

देवा रे! सासूबाईंच्या गुडघ्यात खरी सुई! डॉक्टरांना कपाळापासून मानेपर्यंत दरदरून घाम फुटला. "थोडं टोचेल," ते पुटपुटले. सासूबाईंनी तो घाम बारकाईनं पाहिला, डोळे बारीक केले, आणि मनाशी मान डोलावली. सुई टोचून होताच डॉक्टर धावत आकडेवाल्या बाईंकडे गेले.

"बाई, घोटाळा झाला. त्या माझ्या सासूबाई आहेत!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "हे आधी नाही का सांगायचं?"

"मला कुठं माहीत होतं? मला तुम्ही रुग्णाचं नाव नाही, नुसता आकडा कळवता!"

"आता काही इलाज नाही. पाकीट फुटलं, सुई टोचली, की माणूस आतला. नावडता म्हणून एकेकाला बाहेर काढायला लागलो तर झालंच आपलं संशोधन. सोसा आता!"

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर बायको दारातच उभी.

"अहो, आईशी धड दोन शब्दही बोलला नाहीत म्हणे? 'झोपा, हलू नका', ही काय बोलायची रीत झाली?"

"अगं, नियम आहे तसा."

"आणि तिला खोटी सुई टोचलीत. ती म्हणाली, घामानं नुसते निथळत होतात."

"ते मला सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. आणि पुन्हा घाम फुटला.

"समजलं," बायको म्हणाली. त्या रात्री डॉक्टरांनी स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं.

इथवर निभावलं असतं. पण सासूबाई म्हणजे काही गप्प बसणारी असामी नव्हे. पुढच्या खेपेला त्या बाहेरच्या बाकावर, सगळ्या गुडघेवाल्यांच्या मध्ये, ऐसपैस बसल्या आणि त्यांनी वर्गच उघडला.

"हे बघा, मी काही परकी नव्हे. माझा जावई आहे तो. माणूस सोन्यासारखा, पण लबाडी जमत नाही. घाम आला की समजायचं खोटी. कोरडा असला की खरी. इतकं सोपं आहे."

आणि गंमत अशी, की स्वतःच्या बाबतीत सपशेल चुकलेला हा नियम बाकी सगळ्यांना मात्र अगदी चपखल बसत होता! खोटी सुई टोचताना डॉक्टरांना खरोखरच अपराधी वाटायचं आणि घाम यायचा. खरी टोचताना ते मजेत गुणगुणायचे. आता जो तो आत गेला की गुडघ्याकडे बघेना, डॉक्टरांच्या कपाळाकडे बघू लागला. बाहेर आला की बाकावर निकाल जाहीर. "कोरडे!" म्हटलं की टाळ्या, "ओले!" म्हटलं की हळहळ.

बातमी बाईंच्या कानावर जायला कितीसा वेळ लागतो? त्या तरातरा आल्या. "डॉक्टर, तोंडाला मास्क लावा!"

मास्क लावला. पण कपाळ उघडंच. सासूबाईंनी बाकावरून सुधारणा सुचवली, "भुवयांच्या वर बघायचं."

डॉक्टरांनी टोपी भुवयांपर्यंत ओढली. तर टोपीच्या उकाड्यानंच घाम फुटून भुवयांतून डोळ्यांत उतरू लागला आणि दिसेनासं झालं. खाटेवर होते व्यायामाचे निवृत्त मास्तर. डॉक्टरांनी चाचपडत सुई उचलली आणि सरळ स्वतःच्या अंगठ्यात खुपसली.

"आई गं!" डॉक्टर किंचाळले.

मास्तर उठून बसले. "खरी आहे! माझी खरी आहे!" आणि गुडघ्याचं दुखणं विसरून ते बाहेर धावले. बाकावर जल्लोष झाला. सासूबाई तेवढ्यातही म्हणाल्या, "बघा, संकटात माझीच आठवण आली!"

त्या दिवशी बाईंचा पारा चढला. "डॉक्टर, आणखी एक गडबड झाली, की मी हे बंद करणार. मग मला दोष देऊ नका." पाठोपाठ मुकादम टेप घेऊन हजर. त्यानं या खेपेला भिंतीवर पेन्सिलीनं खुणाही केल्या. डॉक्टर स्टुलावर बसून त्या खुणांकडे बघत राहिले. त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. अबोला धरून बसलेली बायको शेवटी आपणहून जवळ आली. तिनं अंगठ्याला औषध लावलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"अहो, एवढी वर्षं तुमच्याबरोबर काढली मी," ती म्हणाली. "तुमचा घाम काही जायचा नाही. मग लपवता कशाला? सगळ्यांनाच दाखवा!"

"म्हणजे?"

"रुग्णालयाला जिना आहे ना? प्रत्येक माणसाच्या आधी पळत वर जायचं, पळत खाली यायचं. मग खरी असो की खोटी, तुम्ही आपले चिंबच."

हे आकडेवाल्या बाईंना सुचलं नाही, वरच्या मंडळींना सुचलं नाही!

दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या रुग्णालयानं एक नवल पाहिलं. डगला फडफडवत सुईवाले डॉक्टर जिना चढतायत, उतरतायत, धापा टाकत पडद्याआड जातायत. "झो... झोपा. थो... थोडं टोचेल." खाली व्यायामाचे मास्तर हौसेनं ताल धरायचे, "एक-दोन, एक-दोन, गुडघा वर उचला डॉक्टर!"

बाकावर गोंधळ माजला. कालपर्यंत "कोरडे!" म्हणून टाळ्या घेणारेही आता "ओले!" म्हणतच बाहेर येऊ लागले, आणि जुन्या निकालांवरही कोणाचा भरवसा उरला नाही.

"सगळ्यांनाच खोट्या देतात की काय?" एकजण म्हणाला.

"छे हो," दुसऱ्या बाई म्हणाल्या. "खरी सुई टोचायला ताकद लागते. म्हणून तर आधी व्यायाम करतात!"

"मास्तर, तुमच्या वेळीही ओलेच होते आज?"

"ओले?" मास्तर पडेल आवाजात म्हणाले. "पिळून काढावेत इतके! त्या दिवशी त्यांनी मला फसवायला मुद्दाम बोंब मारली की काय, कोण जाणे."

झालं! बाकाचे दोन तट पडले. अर्धे म्हणत ओले म्हणजे खरी, अर्धे म्हणत ओले म्हणजे खोटी. सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "तुम्ही काय वाटेल ते म्हणा. माझ्या वेळचा घाम जिन्याच्या आधीचा आहे. तो अस्सल."

होता होता विचारपूस करण्याचा दिवस आला. आकडेवाल्या बाई एकेकाला आत बोलवत होत्या. डॉक्टर बाहेर येरझारा घालत होते आणि मुकादम पहिली मांडणी ढकलत दारापर्यंत घेऊन आला होता. सासूबाईंचा आवाज भिंतीपलीकडून सगळ्यांना ऐकू आला. "खोटी! शंभर टक्के खोटी! पण त्यात जावयाचा दोष नाही, चिठ्ठीच तशी निघाली असणार."

शेवटी बाई बाहेर आल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"डॉक्टर, निम्मे बरोबर, निम्मे चूक. नाणं उडवलं असतं तरी इतकं नेमकं आलं नसतं. माणसं इतक्या गडद अंधारात असलेली मी आजवर पाहिली नव्हती. खोली तुमचीच!"

डॉक्टरांनी आनंदाच्या भरात मुकादमालाच मिठी मारली. मुकादमही बिचारा भला माणूस. "जिन्यावरून पळताना बघायचो तुम्हाला," तो म्हणाला, "तेव्हाच वाटलं होतं, ही खोली काही आपल्याला मिळत नाही." आणि मांडणी ढकलत परत गेला.

सगळ्या चिठ्ठ्या बाईंच्या हवाली झाल्या आणि डॉक्टरांच्या तोंडाचं कुलूप निघालं. त्याच संध्याकाळी सासूबाई घरी आल्या. जिना चढून आल्या, आणि तोही न थांबता. गुडघा आता कुरकुरत नव्हता. डॉक्टर त्यांच्यासमोर जाऊन बसले. इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा बाजूला करायचा होता. मन निर्मळ, कपाळ खडखडीत कोरडं.

"आई, आता सांगायला हरकत नाही. तुम्हाला खरी सुई होती. पहिल्या दिवसापासून, प्रत्येक वेळी खरी. तुम्हाला दुखेल या भीतीनं मला घाम फुटत होता."

सासूबाई त्यांच्या कपाळाकडे बघत राहिल्या. एक थेंबही नव्हता. मग त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी जावयाच्या पाठीवरून हात फिरवला आणि मुलीला हाक मारली.

"अगं, इकडे ये, बघ तरी! मला बरं वाटावं म्हणून किती गोड खोटं बोलले! आणि घामाचा टिपूस नाही गं! शिकले हो शेवटी जावईबापू, शिकले!"